सरांचा उंट

सरांनी उभ्या आयुष्यात उंटाला एकदाच हात लावला, आणि तोही उंटानं त्यांची टोपी दातात धरली म्हणून. औरंगाबादला मकबऱ्याच्या रस्त्यावर तेव्हा एक म्हातारा उंट उभा असायचा, पर्यटकांना फेरी मारून आणणारा. आम्ही दोघं त्यांचे संशोधक विद्यार्थी. आम्हीच त्यांना आग्रह करकरून तिथं नेलं होतं. म्हटलं, माणूस वर्षानुवर्षं उंटाच्या नावाचा अभ्यास करतोय, एकदा उंटाची गाठभेट तर होऊ द्या. सर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायला लागले. ओढून जवळ नेलं तर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मला उंटात रस नाही. मला त्याच्या नावात रस आहे." उंटाला ते आवडलं नसावं. टोपी सोडवताना सरांचा हात त्याच्या जबड्याला लागला, आणि पुढं कितीतरी दिवस सर उठसूट साबणानं हात धुवायचे. शहरात पाण्याचा ठणठणाट, आणि ह्यांचं हे! ते पाणी कोण भरायचं, ते सांगतेच.

सर विद्यापीठात संस्कृत शिकवायचे. अवेस्ता, म्हणजे पारश्यांची जुनी धर्मभाषा, आणि फारसी स्वतःच्या हिमतीवर शिकले होते, आणि खरंच शिकले होते, त्यात खोट काढणार नाही. पण सगळ्या विद्येचा त्यांनी एकच उंट करून टाकला होता. संस्कृतात उष्ट्र, अवेस्तात उश्त्र, फारसीत शुतुर, बलुचीत हुश्तर, कुर्दीत वुश्तिर, पश्तोत ऊख. इराणी भाषांच्या सगळ्या घरांतून एकच नाव थोडं थोडं झिजून फिरलेलं. पारश्यांच्या प्रेषिताच्या नावात शेवटी उंट बसलाय, हे तर सर लग्नाच्या पंगतीतही सांगायचे. वाढपी जिलबीचं ताट घेऊन ताटकळायचा आणि सर शहामृगावर यायचे. फारसीत शहामृग म्हणजे उंट-पक्षी आणि जिराफ म्हणजे उंट-गाय-चित्ता, हे ऐकल्याशिवाय कुणाला जिलबी मिळायची नाही.

पंडितांमध्ये भांडण एवढंच होतं, की हे नाव मुळात कुणाचं? सरांच्या मते आपलं. दुसरा प्रश्नच नाही. "उष् म्हणजे जाळणं," ते म्हणायचे. "उन्हात होरपळलेल्या माणसानं दिलेलं हे नाव आहे. आता जरा खिडकीबाहेर बघा आणि सांगा मला, कुठला असेल तो माणूस?" खिडकीबाहेर मराठवाड्यातला मे महिना. एकदा तर बोलता बोलता त्यांनी उंटाचं नाव पार पैठणला जन्माला घातलं होतं. पैठणला उंट कुठून आला, असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

कारण सरांकडं एक अस्त्र होतं. "ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं." आपण काही विरोधी बोललं, की सर कानामागं तळवा धरून हे म्हणायचे. आपण मोठ्यानं सांगायचं. "अजून जरा मोठ्यानं." आता ओरडून सांगायचं. तिसऱ्यांदा ओरडताना माणसाला स्वतःचंच म्हणणं खुळचट वाटायला लागतं, आवाज बसतो, आणि तो म्हणतो, जाऊ द्या सर. मग सर पुढच्या मुद्द्याकडं वळायचे. बरं, कान खरंच अधू असते तर दया आली असती. ह्या माणसाला दोन गल्ल्या पलीकडून येणाऱ्या टँकरचा हॉर्न झोपेत ऐकू यायचा.

प्रत्येक विद्यार्थ्याला ते एक भाषा नेमून द्यायचे आणि मग त्याच नावानं हाक मारायचे. मला पश्तो आली. मी गंगापूर तालुक्यातल्या ऊस लावणाऱ्या घरातली पोरगी. पश्तो बोलणारा पठाण म्हणजे पूर्वी हिंग विकायला यायचा तो, एवढंच आजीकडून ऐकलेलं. पण सरांनी ठरवलं आणि मी पश्तो झाले. "पश्तो, चहा ठेवलास का?" "पश्तो, तुझा धडा अगदीच पाणचट झालाय हं." सरांना माझं नाव माहीत होतं की नाही, ह्याची मला अजून खात्री नाही.

दुसरा होता कुर्दी. तो खरोखरचा कुर्दी, पश्चिम इराणातल्या डोंगराळ गावचा. फी परवडते म्हणून आमच्या शहरात आला आणि इथलाच होऊन गेला. उंच, जाड भुवयांचा, कमालीचा शांत. हिंदी शिकला ती औरंगाबादच्या रस्त्यांवर, त्यामुळं विद्वत्तेचं काहीही बोलला तरी शेवटी "हौ" आणि "नक्को" यायचं. मराठी शिकला ती आमच्या डब्यातून. माझ्या आईच्या हातचा ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो म्हणायचा, "लई भारी." त्याच्या गावच्या कॉलेजात त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. डॉक्टरेट घेऊन आलास तर तुझी, नाहीतर दुसऱ्याची. व्हिसा वाढवून वाढवून संपत आला होता. पुढच्या पावसाळ्याच्या आत प्रबंधावर सरांची सही झाली नाही, तर इतक्या वर्षांच्या कष्टावर पाणी सोडून रिकाम्या हातानं घरी जायचं, एवढं सरळ गणित होतं.

आता पाण्याचं. सरांनी चिकलठाण्याला विमानतळामागं प्लॉट घेऊन बंगला बांधला होता. शहर तेव्हा दिसेल त्या शेतात घुसत होतं. जिथं बघावं तिथं विटांचे ढीग, सळया, आणि अमुक नगर, तमुक विहार अशा पाट्या. कॉलनी झाली, गेट झालं, गेटवर दोन सिमेंटचे सिंहही बसले. नळ तेवढा यायचा राहिला. त्यात दुष्काळ. विहिरी आटल्या, बोअर नुसती हवा ओकायला लागल्या आणि सगळी कॉलनी टँकरवर आली. टँकर यायचा भर दुपारी, कधीही. तो आला की पाइप धरायचा, हौद भरायचा, हौदातून वरची टाकी भरायची, आणि मोटर बंद पडलेली असली की बादल्यांनी भरायची. हे काम कुणाचं? संशोधक विद्यार्थ्यांचं. आमच्याकडं ही रीतच होती, अजूनही आहे. गाईडचा गॅस सिलिंडर आणायचा, गाईडच्या मुलीच्या लग्नात बुंदी वाटायची, गाईडचं पाणी भरायचं. एखाद्याकडं पाणी भरणं असं लोक नुसतं म्हणतात, आम्ही बादली घेऊन भरत होतो.

सर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून शिकवायचे. "कुर्दी, तुझ्या भाषेत सुरुवातीला 'व' कुठून आला? पाइप नीट धर, बाहेर सांडतंय!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फरक एवढाच की ह्यांना उंटाचा वास सहन होत नव्हता. टँकरवाला मोठा वात्रट होता. म्हणायचा, "सर, आता एक उंटच पाळा. हप्ताभर पाणी नाय मागत. टँकर परवडंना राव तुम्हाला." सर त्याला उंटाचं फारसी नाव सांगायचे. तो म्हणायचा, "आसंल, आसंल. तेवढा व्हॉल्व्ह बंद करा."

कुर्दी एकदा बादली खाली ठेवत मला म्हणाला, "हमारे गाव में भी पानी कम है. पण प्रोफेसरच्या घरी पानी भरायचा, हे नाय शिकवला कोणी." मी म्हटलं, "तुमचा देश मागासलेला आहे." तो लई हसला.

भांडण लागलं त्याच्या शेवटच्या प्रकरणावरून. सरांची अपेक्षा होती, की कुर्दीनं सगळ्या इराणी भाषांची साक्ष काढावी आणि शेवटी लिहावं, उंटाचं नाव हिंदुस्थानातून तिकडं गेलं. इराण्यानंच हे लिहिलं म्हणजे जगाचं तोंड बंद. पण कुर्दीनं लिहिलं भलतंच. त्याचं म्हणणं असं, की हे नाव ना इथलं ना तिथलं. आपले आणि त्यांचे पूर्वज गुरं हाकत फिरत होते तेव्हा वाटेत, मध्य आशियातल्या अमुदर्या नदीच्या बाजूला, विटांची गावं बांधून राहणारे दुसरेच लोक होते. दोन मदारींचा, म्हणजे पाठीवर दोन उंचवट्यांचा, उंट त्यांनी माणसाळवला. आपल्या लोकांनी तो जन्मात पहिल्यांदा पाहिला, विचारलं हे काय, आणि ऐकलं ते नाव उचललं. विटेचंही तसंच. संस्कृतातली इष्टका, म्हणजे आपली वीट, आणि फारसीतली खिश्त, दोन्ही त्यांच्याकडूनच घेतलेल्या. असा संशय परदेशातल्या एकदोघांनी आधी घेतला होता. कुर्दीनं त्याच्या मागं लागून बोलीबोलींतून पुरावा गोळा केला होता, आणि माझ्या अर्धवट पश्तोचीही त्यात भर होती.

"सर," तो म्हणाला, "नाम तुमचा पण नाय, आमचा पण नाय. वो लोगां का है. वो लोगां गए, जुबान गई, नाम रह गया."

"ऐकू नाही आलं," सर म्हणाले. "जरा मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग आणखी मोठ्यानं. शेजारच्या बंगल्यातल्या बाई गच्चीवर आल्या. तरी कुर्दी 'जाऊ द्या सर' म्हणाला नाही. सरांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होत असावं. त्यांनी कानावरचा हात काढला आणि म्हणाले, "हे असलं बेवारशी नाव मी सहीनिशी बाहेर जाऊ देणार नाही. शेवट बदल, सही घे."

"नक्को, सर," कुर्दी म्हणाला.

त्या दिवसापासून कुर्दी पाण्याला जायचा बंद झाला. मीही बंद झाले. ठरवून वगैरे नाही. मला नुसता संताप आला होता. म्हटलं, करा आता तुमची तुम्ही भर. टँकर आला तेव्हा म्हणे सर स्वतः पाइप धरायला गेले, धोतर भिजवून बसले आणि निम्मं पाणी रस्त्यावर गेलं. कॉलनीतली गाढवं येऊन ते चाटत होती, हे टँकरवाल्यानं मला हात जोडजोडून, हसत सांगितलं. तीनचार टँकर असे गेल्यावर काकू, म्हणजे सरांच्या बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या माउलीनं जन्मभर उंट ऐकून घेतला होता, एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

"भांडी दोन दिवसांची पडलीयेत. तुमचा उंट इथून गेला का तिथून आला, मला काही करायचं नाही. त्या पोराची सही करा. नाहीतर मी चालले परभणीला, भावाकडं. तिथं नळाला पाणी आहे."

सरांनी सही केली. उंटाच्या नावाचा जागतिक प्रश्न अशा रीतीनं भांड्यांच्या ढिगाऱ्यापाशी सुटला. सही करताना कुर्दीला म्हणाले, "माझं ह्यातल्या एका अक्षराशीही एकमत नाही. परीक्षक तुला उभा चिरेल, तेव्हा माझ्याकडं बघू नकोस." कुर्दीनं मान डोलावली आणि बाहेर जाऊन निमूटपणे पाइप उचलला.

मौखिक परीक्षेला परीक्षक आले ते मोठ्या शहरातले. परीटघडीचे, घड्याळात बघणारे, परतीच्या गाडीचं आधी विचारून घेणारे. हॉल भरला होता. कुर्दीनं आपलं म्हणणं मांडलं. चांगलं मांडलं. परीक्षक टेबलावर पेन आपटत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "उष् म्हणजे जाळणं, हा सरळ धातू हाताशी असताना हे हरवलेले लोक कशाला उकरून काढलेत? मराठवाड्यात पाण्याची टंचाई आहे हे माहीत होतं. पुराव्याचीही आहे, हे आज कळलं." आणि स्वतःच हसले. त्यांच्यामागं पुढची रांग हसली. कुर्दीला विनोद कळला नाही, पण हसणं कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. संपलं, म्हटलं.

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून आवाज आला. "ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं."

परीक्षकांनी पुन्हा सांगितलं. "अजून जरा मोठ्यानं." तिसऱ्या वेळेला त्या विनोदाचा पार चोथा झाला होता आणि हसायला कुणी उरलं नव्हतं. मग सर उठले. परीक्षक बोलले ते खरं तर सरांचंच जन्मभराचं मत होतं, अक्षरशः त्यांच्याच शब्दांत. पण बाहेरून आलेला कुणीतरी मराठवाड्याला हसला होता, आणि सरांना ते झोंबलं. त्यांनी उष् धातूची अशी काही सालटी काढली की विचारू नका. "ही व्युत्पत्ती पाठांतरवाल्यांची आहे, विचार करणाऱ्यांची नाही!" म्हणाले. मग अमुदर्या आली, दोन मदारी आल्या, इष्टका आणि खिश्त आल्या, बलुची आली, माझी पश्तोसुद्धा आली. सगळं कुर्दीचं, ओळीमागून ओळ. ओट्यावर बसून न ऐकल्यासारखं करणाऱ्या ह्या गृहस्थानं एकूण एक शब्द ऐकून ठेवला होता! परीक्षकांनी घड्याळात बघितलं आणि सही केली.

कुर्दी डॉक्टर झाला. बाहेर व्हरांड्यात त्यानं सरांचे पाय धरले, इथलं बघून शिकला होता. डोळ्यांतून धारा लागलेल्या. मलाही रडू आलं, आणि त्या घटकेला सरांना सगळं माफ करावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. सर म्हणाले, "असू दे, असू दे. पाइप गुंडाळून ठेवलास ना?" पाऊस यायच्या आत तो गेला. स्टेशनवर आईचा ठेचा दिला. तिकडं ती जागा त्याला मिळाली. अजून मधूनमधून फोन येतो, आणि फोन ठेवताना तो न चुकता "हौ" म्हणतो.

इकडं मात्र मौज सुरू झाली. पंधरा दिवसांत सर वर्गात अमुदर्या शिकवायला लागले. वर्षभरात 'माझा तर्क असा आहे' सुरू झालं. पुढं 'मी पहिल्यापासून म्हणतोय' झालं. पैठणचं नाव कुणी काढलं तर सर हसून म्हणायचे, "छे हो, असं कोण म्हणेल?" मग पुस्तक आलं, व्याख्यानं झाली, पेपरात फोटो आले. मी एकदा चाचरत म्हटलं, "सर, हे कुर्दीचं होतं ना?" सर म्हणाले, "कुर्दीत वुश्तिर. तुझी पश्तो कुठवर आली?"

आता एवढ्यात त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. शहराचं नाव बदललं, चिकलठाण्याच्या त्या कॉलनीत चार मजली इमारती झाल्या, टँकर मात्र अजून येतोच. मी कॉलेजातून रजा काढून गेले. नाही म्हटलं तरी माझे सर. शाल, श्रीफळ, मानपत्र झालं. चार वक्ते 'सरांचा सिद्धान्त' यावर बोलले. मग सर उभे राहिले आणि आभार मानायला लागले. विद्यापीठाचे मानले, प्रकाशकाचे मानले, काकूंचे मानले, कॉलनीच्या सेक्रेटरीचे मानले. टँकरवाल्याला तर नावानं हाक मारून स्टेजवर बोलावलं आणि आपली शाल त्याच्या खांद्यावर घातली. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! मी आपली वाट बघत होते. आता येईल, आता येईल.

शेवटी सर सद्गदित झाले. "शब्दांचा प्रवास मोठा क्रूर असतो," म्हणाले. "घेणारे मोठे होतात आणि देणारे पुसले जातात. ज्यांनी उंटाला नाव दिलं, त्यांचं स्वतःचं नाव काय होतं, हे आज जगात एकाही माणसाला ठाऊक नाही." पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उभी राहिले. "सर, कुर्दीत उंटाला काय म्हणतात?"

"वुश्तिर," सर लगेच म्हणाले. "ये ये, पश्तो."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सर विचारात पडले. नाटक नव्हतं ते, मी त्यांना चांगली ओळखते. कपाळाला आठ्या घालून खरोखर आठवत होते. मग चेहरा उजळला.

"हां! होता एक मुलगा," ते म्हणाले. "आमच्याकडं पाणी भरायला यायचा."

हॉलमध्ये लोक कौतुकानं हसले. टँकरवाला तेवढा हसला नाही. तो शाल सावरत माझ्याकडं बघत होता.

मी नाव सांगितलं. ह्या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, पण तिथं घेतलं. त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव.

सरांनी कानामागं तळवा धरला. "ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं."

माझा आवाज शेतातला आहे, बांधावरून विहिरीपर्यंत जाणारा. तरी म्हटलं, आज कशाला कसर ठेवा. मी खुर्च्या बाजूला सारत स्टेजवर गेले, सरांच्या हातातला माइक घेतला आणि मोठ्यानं सांगितलं.